आत्याच्या वह्या आणि पलंगाखालचे खोके

पुस्तक छापून आता सहा महिने होत आले आणि तेवढ्यात निदान दहाबारा जणांनी फोन करून विचारलं, "तुम्ही स्वतःच छापलंत ना, कसं केलंत, किती लागले?" प्रत्येकाला तासभर सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाहीये, जाहिरात वाटायला नको. मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते, छपाईतलं मला काही कळत नव्हतं, आजही फार कळतं असं नाही.

सुरुवात २०२४ च्या दिवाळीत झाली. माझी आत्या १९७१ ते २००७ एएनएम, म्हणजे गावात बाळंतपणं करणारी सरकारी परिचारिका, होती, बहुतेक सगळी नोकरी पाटण तालुक्यातल्या उपकेंद्रांवर. भाऊबीजेला तिने पिशवीतून चार जाड वह्या काढल्या आणि म्हणाली, "बघ गं, टाईप करून मिळेल का कुठं, मुलांना एकेक प्रत द्यायची." बाळंतपणं, साप चावलेली माणसं, कुटुंबनियोजनाची टार्गेटं, रात्री कंदील घेऊन पाड्यावर जाणं, सगळं तारीखवार. मी दोन रात्री वाचत बसले आणि तिसऱ्या दिवशी ठरवलं की हे मुलांपुरतं ठेवायचं नाही.

टायपिंग मीच केलं, मोबाईलवर बोलून टाईप होतं तसं आणि मग लॅपटॉपवर दुरुस्ती. जानेवारी उजाडला. दोन प्रकाशकांना पाठवलं. एकाचं उत्तर आजतागायत नाही. दुसऱ्याने आठ दिवसांत उत्तर दिलं, "लेखन उत्तम आहे, ४५ हजार भरा, शंभर प्रती तुम्हाला देऊ." बाकीच्या प्रती किती छापणार, कुठे विकणार, मानधन किती, यावर मौन. पैसे आपणच घालायचे तर निदान हिशेब तरी आपल्या हातात असावा असं नवरा म्हणाला आणि तिथून हे लचांड गळ्यात पडलं.

फेब्रुवारी गेला संपादनात. इथे एक गोष्ट सांगते जी मला कुणीच सांगितली नव्हती. वह्यांमध्ये पेशंटची खरी नावं, गावं, कुणाला काय झालं, कुणाच्या मुलीचं काय, सगळं होतं. ते छापणं बरोबर नाही. आम्ही नावं बदलली, काही ठिकाणी गावंही काढली. आत्या रुसली. "नाव बदललंस तर त्या बाईला कळणार कसं की मी तिला विसरले नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी जिथे ती बाई हयात होती आणि आत्याचा संपर्क होता तिथे फोन करून विचारलं, तिघींनी खरं नाव ठेवा म्हणून सांगितलं, ती ठेवली. बाकीची बदलली. याला तीन आठवडे गेले पण ते जायलाच हवे होते.

मार्चमध्ये आत्याकडून छापायच्या हक्काचं पत्र केलं. घरचंच माणूस आहे, कशाला कागद, असं वाटतं, पण करा. आत्याला दोन मुलं आहेत, उद्या कुणी विचारलं तर? कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखीच लागतं. आणि कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मानधनाचा उल्लेखही हवा. आम्ही लिहिलं की पहिल्या आवृत्तीचा खर्च निघाला की त्यापुढच्या विक्रीवर छापील किमतीच्या दहा टक्के. स्टॅम्प पेपर शंभरचा आणायला गेले तर कळलं की महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचे पाचशे झालेत. पाचशे स्टॅम्पचे, तीनशे टाईप करणाऱ्याचे. कॉपीराइटची सरकारी नोंदणी वेगळी असते, ती सक्तीची नाही, लिहिलं की हक्क आपोआप असतो. आम्ही अजून केलेली नाही.

एप्रिलमध्ये प्रकाशनाचं नाव. बँकेत चालू खातं त्या नावाने हवं असेल तर कागद लागतात आणि त्यासाठी दोन गोष्टी केल्या: शॉप ॲक्टची (दुकानं-आस्थापनांच्या कायद्याची) सूचना आणि उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. तेव्हा दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर शॉप ॲक्टचा परवाना लागत नव्हता, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, पावती मिळायची. उद्यम तर पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅन पुरतं. पण गुगलवर शोधलं की वरती जी संकेतस्थळं दिसतात त्यातली बरीच सरकारी नसतात, हुबेहूब फॉर्म, शेवटी दीड-दोन हजार मागतात. मी एकावर सगळं भरून पेमेंटपर्यंत पोचले होते, तिथे शंका आली. पत्त्याच्या शेवटी सरकारी नाव आहे का ते आधी बघा. आणि खरं सांगू, एकच पुस्तक काढायचं असेल तर यातलं काहीही न करता स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बचत खात्यावर सुरुवात करता येते. मी उगाच घाई केली, चालू खात्यात किमान शिल्लक ठेवायचं लफडं मागे लागलं.

आता मे महिना. हा महिना मी विसरणार नाही.

अक्षरजुळणीला पानाला चाळीस रुपये ठरले, १७६ पानं, ७,०४० रुपये. डीटीपीवाले दादा अनुभवी, पण त्यांचं सगळं काम जुन्या फॉन्टात, माझी फाईल यूनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईल-संगणकावर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत. ते म्हणाले, "मॅडम, कन्व्हर्टर आहे, पाच मिनिटांचं काम." पाच मिनिटांतच झालं. पहिलं प्रूफ हातात आलं, मी आणि आत्या व्हरांड्यात बसून वाचतोय, पान १२ वर आत्या थांबली. चष्मा पुसला. परत वाचलं. "अगं, मी दर्या कधी ओलांडला?"

मूळ वाक्य होतं, पावसात दोन दऱ्या ओलांडून पाड्यावर गेले. कन्व्हर्टरने ऱ्य चा र्य करून टाकला होता. दऱ्या चा दर्या. सह्याद्रीतली नर्स थेट समुद्रापार! मग बघत गेलो तर वाऱ्यावर चं वार्यावर, शेतकऱ्याचं शेतकर्याचं, कऱ्हाडचं कर्हाड, एकूण एकसष्ट ठिकाणी. ॲ जिथे जिथे होता तिथे चौकोन. अवतरणचिन्हं उलटी. दुरुस्त करत बसलो आणि दुसऱ्या प्रूफात ते नीट झालं तर नवीनच चार निघाले.

मग मी दादांच्या पाया पडायचीच बाकी होते, म्हटलं यूनिकोडमध्येच करा ना, तुमच्याकडे इनडिझाईन (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आहे. त्यांनी केलं, पण आता आत्याला दुसरं काही खुपलं. ती म्हणाली, "हा ल आणि हा श आपला नाही." मला आधी कळेचना. तिने पेन्सिलीने समासात दोन्ही काढून दाखवले, शाळेत पाटीवर गिरवलेला मराठी गोलसर ल आणि प्रूफातला दांडीवाला हिंदी ल. श चंही तसंच. एकदा दिसलं की मग सगळीकडे तेच दिसायला लागतं. शासनाच्या वर्णमालेच्या २००९ च्या निर्णयातही मराठी वळणाचेच ल आणि श आहेत. उपाय सोपा निघाला: फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतील तर मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी निवडायची, अक्षरं आपोआप बदलतात. दादांना वीस वर्षांत कुणी हे विचारलंच नव्हतं म्हणे. त्यांनी त्या बदलाचे पैसे घेतले नाहीत, उलट आत्याला म्हणाले, "आजी, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या."

मुद्रितशोधनाला, म्हणजे प्रूफातल्या चुका काढायला, बाहेरचा माणूस घ्या, घेतलाच पाहिजे. पानाला पंचवीस, ४,४०० रुपये गेले. मला वाटलं होतं मी पतसंस्थेत रोज पत्रं लिहिते, मला काय गरज. तरी ज्या बाईंना काम दिलं त्यांनी पहिल्या पन्नास पानांत दोनशेवर दुरुस्त्या काढल्या. ऱ्हस्वदीर्घ तर होतेच, पण एकाच बाईचं नाव पान ४० ला गंगूबाई आणि पान ९० ला गंगाबाई, हे आपल्याला सात वेळा वाचूनही दिसत नाही. एक भांडणही झालं. आत्याची बोली, "जायाचं", "लई", "आमी", हे त्यांनी प्रमाण करून टाकलं होतं. संवादातलं सगळं परत फिरवून घेतलं. तर आधीच सांगून ठेवा की काय हात लावायचा नाही.

जूनच्या दोन तारखेला आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचा, अर्ज केला. तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मिळतो, शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत, ऑनलाइन पोर्टल आहे आणि एक रुपयाही लागत नाही. पुन्हा लिहिते, एक रुपयाही लागत नाही. मला दोन जणांनी अडीच हजारात "काढून देतो" म्हणून सांगितलं होतं. लेखकाला स्वतःच्या नावाने पण करता येतो, प्रकाशक म्हणूनही. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पुस्तकाचं शीर्षकपान वगैरे अपलोड करायचं. माझा अर्ज एकदा परत आला, चूक माझीच, अर्जातल्या उपशीर्षकात मी "परीचारिका" लिहिलं होतं आणि शीर्षकपानावर "परिचारिका" होतं. एका वेलांटीने नऊ दिवस खाल्ले. दुरुस्त करून पाठवलं, २५ जूनला नंबर आला. कागदी बांधणीला एक नंबर, ई-बुक काढणार असाल तर त्याला वेगळा. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर जुनाच चालतो, मजकूर बदलून नवी आवृत्ती काढली तर नवीन घ्यायचा. आणि तो टाईप करताना हमखास आकडा चुकतो म्हणून एक तपासणी करून बघा: तेरा आकड्यांना डावीकडून आळीपाळीने एक, तीन, एक, तीन ने गुणायचं, बेरीज दहाच्या पटीत आली पाहिजे. शेवटचा आकडा त्यासाठीच असतो. मी रात्री कॅल्क्युलेटर घेऊन केलं आणि उगाच खूप आनंद झाला. बारकोड काळाच ठेवा, पांढऱ्यावर. आमच्या मुखपृष्ठवाल्या मुलाने रंगसंगतीसाठी तो लाल केला होता, लाल पट्ट्या स्कॅनरच्या लाल उजेडात दिसतच नाहीत.

मुखपृष्ठाचे पाच हजार. त्यात कण्याचा घोळ झाला. कणा म्हणजे पुस्तकाची ती उभी पट्टी. आधी जाड कागद ठरला होता, त्या हिशेबाने त्याने बारा मिलिमीटर धरला, नंतर कागद बदलला आणि खरी जाडी भरली जेमतेम साडेनऊ. नमुना प्रत हातात आली तर कण्यावरचं नाव अर्धं पुढच्या बाजूला घसरलेलं. बरं झालं नमुना मागितला. त्याच कागदाची तेवढ्याच पानांची कोरी डमी प्रेसकडून बांधून घ्या आणि पट्टीने मोजून मगच डिझाईन करा.

छपाई. तीन ठिकाणी भाव काढले. डिजिटल शंभर प्रती १४,५००, म्हणजे प्रतीला १४५. ऑफसेट तीनशे प्रती ३६,०००, प्रतीला १२०. ऑफसेट पाचशे ४६,५००, प्रतीला ९३. प्लेटा आणि मशीन लावायचा खर्च तोच असतो, म्हणून प्रती वाढल्या की भाव पडतो, आणि इथेच माणूस फसतो. ९३ चा आकडा बघून मी पाचशेला हो म्हटलं. आज परत करायचं झालं तर तीनशेच छापेन, कारण स्वस्त पडलेली प्रत पलंगाखाली पडून राहिली तर ती सगळ्यात महाग. डेमी म्हणजे नेहमीच्या कादंबरीचा आकार, आतला कागद ८० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड, कव्हर ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन. पानं सोळाच्या पटीत ठेवा, सोळा पानांचा एक फॉर्म, आमची १७६ म्हणजे बरोबर अकरा फॉर्म, कागद वाया गेला नाही.

प्रेसवाल्या काकांनी श्रेयपानावर मुद्रकाचं नाव, पत्ता स्वतःहून घातला. पूर्वी १८६७ चा एक कायदा होता त्यात पुस्तकांवर मुद्रकाचं नाव बंधनकारक असायचं. मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला, त्यात फक्त नियतकालिकं आहेत, पुस्तकं नाहीत. पण काका म्हणाले, "ताई, चाळीस वर्षांची सवय आहे, असू दे." असू दिलं, पुढे उपयोगी पडलं.

किंमत. यावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा झाली. आत्याचं म्हणणं, "दीडशेच्या वर कोण देतंय?" मी सगळा खर्च मांडला: छपाई ४६,५००, जुळणी ७,०४०, शोधन ४,४००, मुखपृष्ठ ५,०००, कागदपत्रं ८००, वाहतूक आणि किरकोळ १,८००. एकूण ६५,५४०. प्रतीमागे १३१. दुकानदार आणि वितरक चाळीस ते पन्नास टक्के सूट मागतात, आम्हाला पंचेचाळीसवर मिळालं. म्हणजे दोनशे किंमत ठेवली तर हातात ११०, प्रत्येक प्रतीला एकवीस रुपये आपल्याच खिशातून. अडीचशे ठेवली तर हातात १३७.५०, दुकानापर्यंत न्यायचा खर्च धरला की बरोबरी. मुद्रणवाले सांगतात की छपाई खर्चाच्या चौपट-पाचपट किंमत ठेवा, ते ऐकून मला लूट वाटली होती, ती लूट नाही, दुकानातून विकायचं तर तेवढी लागतेच. आम्ही धीर करून अडीचशे केली, आणखी धीर झाला नाही. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, ती एक कटकट तेवढी नाही. पण छपाईच्या बिलात प्रेसवाला कर लावतो, भाव विचारताना करासकट विचारा.

८ ऑगस्टला टेम्पो आला. भर पावसात. खोके ताडपत्रीखाली होते तरी दोन खोक्यांचे कोपरे भिजले, अकरा प्रती गेल्या आणि पुढचे काही दिवस दमट हवेने सगळ्याच कव्हरांनी वरच्या बाजूला कमान धरली. काकांना फोन केला तर म्हणाले उभी ठेवू नका, आडवी रचा, वर वजन ठेवा. वजन म्हणून घरातला वरवंटा, गव्हाचा डबा आणि मुलाचे डंबेल्स. आठ दिवसांत सरळ झाली. पावसाळ्यात छापू नका म्हणणार होते, पण आपल्याकडे चार महिने पाऊसच असतो.

प्रकाशन समारंभ १५ ऑगस्टला आत्याच्या अंगणात, चहा आणि चिवडा. अध्यक्ष वगैरे कुणी नाही. तिच्या हाताने जन्मलेली एक बाई, आता तिलाच नात झालीय, तिने पुस्तक सोडवलं. त्या दिवशी त्रेपन्न प्रती विकल्या गेल्या आणि मला वाटलं, अरे हे तर सोपं आहे. तो गैरसमज महिनाभर टिकला.

त्याआधी एक कायदेशीर काम जे बरेच जण करत नाहीत. १९५४ चा ग्रंथ प्रदान कायदा आहे, त्यात प्रकाशनापासून तीस दिवसांत स्वखर्चाने चार प्रती चार ग्रंथालयांना पाठवायच्या: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. नाही पाठवल्या तर दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत, त्यामुळे भीती अशी कुणाला नाही. पण मला विचाराल तर पाठवा. आत्याचं अक्षरन्‌अक्षर कोलकात्याच्या एका कपाटात राहील, यासाठी चार प्रती काहीच नाहीत. चांगल्यातल्या चार निवडल्या, ३ सप्टेंबरला पाठवल्या, पावत्या फाईलला लावल्या.

पोस्टाचं जरा सविस्तर सांगते कारण घरून विकणाऱ्याचं मरण त्यातच आहे. छापील पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली होती, आणि मी हिशेब करत होते तेव्हा सगळे म्हणत होते आता कुरिअरच. पण १ मे २०२५ पासून "ज्ञान पोस्ट" सुरू झालं. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. ट्रॅकिंग मिळतं. जमिनीवरून जातं त्यामुळे वेळ लागतो, पण पुस्तकाला कसली घाई. अट अशी की पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, इथे काकांची सवय कामी आली, आणि जाहिरातवजा मजकूर नको, मासिकं-नियतकालिकंही त्यात बसत नाहीत. पाकीट चिकटवून नेऊ नका, आत काय आहे ते दाखवायची तयारी ठेवा. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, त्यामुळे जुने लोक "रजिस्टरने पाठव" म्हणतात तेव्हा त्यांना हे सांगावं लागतं.

आमचं पुस्तक भरतं २३४ ग्रॅम. मी हौसेने दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, बबलची पिशवी, एक बुकमार्क आणि आभाराचं कार्ड घातलं. काउंटरवर काट्यावर आकडा आला ३०४. चार ग्रॅमने पुढचा स्लॅब, आणि असली पाकिटं माझ्याकडे अठरा! तिथेच बाकावर बसून सगळी उघडली, आभाराची कार्डं काढली, परत चिकटवली, मागे रांगेतले लोक बघतायत. आता घरी स्वयंपाकाचा डिजिटल काटा आहे तोच वापरते, पुठ्ठा एकाच बाजूला, आणि आभार मी पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेनाने लिहिते. शाईचं वजन होत नाही.

सप्टेंबरपासून दुकानं. पुण्याला अप्पा बळवंत चौकात दोन दिवस पिशवी घेऊन फिरले. कुणी वाईट वागलं नाही हे खरं, पण रोख कुणी घेत नाही. ठेवून जा, विकली गेली की हिशेब. एके ठिकाणी वीस प्रती दिल्या आणि पावती घेतली नाही, दोन महिन्यांनी त्यांच्या लेखी त्या दहाच होत्या. वाद घालायला माझ्याकडे कागदच नव्हता. म्हणून डिलिव्हरी चलन दोन प्रतींत, सही-शिक्का-तारीख घेतल्याशिवाय पिशवी रिकामी करू नका, समोरचा कितीही गोड बोलत असला तरी. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला फोन. पतसंस्थेत थकबाकीदारांना फोन करायची सवय मला इथे कामाला आली, पण तिथे मागे संस्था असते, इथे आपणच आपल्यासाठी मागतो, पहिल्या चार फोनांना माझा आवाज फुटत नव्हता.

ऑनलाइन बाजारात फक्त पुस्तकं विकणार असाल तर जीएसटी नंबर नसला तरी विक्रेता म्हणून नोंद होते. पण त्यांचं कमिशन, पोचवण्याचा खर्च आणि परत आलेल्या प्रती धरून मला एका प्रतीमागे साधारण १२० रुपये सुटले, म्हणजे दुकानापेक्षाही कमी. सगळ्यात बरी विक्री झाली ती ओळखीच्या ग्रुपवर, क्यूआर कोड आणि एक छोटा उतारा टाकून. दर रविवारी सकाळी वह्यांमधला दीडशे शब्दांचा तुकडा, खाली किंमत. "पुस्तक घ्या" असं एकदाही लिहिलं नाही. अडीचशेचं दोनशेला, टपालखर्च वेगळा. आरोग्यखात्यातल्या निवृत्त नर्सबाईंच्या एका ग्रुपवर कुणीतरी ते पुढे पाठवलं आणि तीन आठवड्यांत नव्वद मागण्या आल्या. ते तीन आठवडे रोज रात्री अकरापर्यंत आम्ही पत्ते लिहीत होतो. पिनकोड मागून घ्या, मोबाईल नंबर पाकिटावर लिहा.

सार्वजनिक ग्रंथालयं एक-एक, दोन-दोन प्रती घेतात, पंचवीस टक्के सूट मागतात, पण पैसे बुडत नाहीत. मात्र अनुदान आल्यावरच देतात, त्यामुळे मार्चच्या तोंडावर विचारलेलं बरं. ग्रंथालयांसाठीच्या शासनमान्य पुस्तकांच्या यादीसाठी पण प्रती दिल्या आहेत, बघू.

३१ जानेवारी २०२६ चा हिशेब असा. पाचशेपैकी चार ग्रंथालयांना, ४६ भेट, अभिप्राय आणि भिजलेल्या धरून गेल्या. थेट विक्री २१२. दुकानांत ठेवल्या १४०, त्यातल्या ८३ विकल्याचं ते सांगतात आणि पैसे आले ६१ चे. ऑनलाइन २७, ग्रंथालयं ३०. पलंगाखाली ४१. जमा ५९,६५३, खर्च ६५,५४०. म्हणजे अजून ५,८८७ कमी आहेत, दुकानांकडून बावीस प्रतींचे तीनेक हजार यायचे आहेत. त्यात माझा वेळ, पेट्रोल, पुण्याच्या दोन फेऱ्या धरलेल्या नाहीत, धरायच्याही नाहीत, नाहीतर झोप येणार नाही.

आत्याला हा कागद वाचून दाखवला. तिने टार्गेटच्या काळात रजिस्टरं भरलीत, तिला आकडे बरोबर कळतात. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे मला मानधन अजून नाही." म्हटलं नाही. "मग त्या पुण्याच्या दहा प्रतींचं काय केलंस?" म्हटलं सोडून दिल्या. "सोडायच्या कशाला, मला नंबर दे."

परवा तिने दुपारी फोन लावला. काय बोलली मला माहीत नाही, मी कामावर होते. काल खात्यावर त्या दुकानाचे १,३७५ रुपये जमा झालेत.